थंड भट्टी

आवाज अगदी लहान होता. नखाने टिचकी मारावी एवढा. मी बर्नरपाशी बसले होते, ज्योत चालू होती, तिच्या सततच्या फुत्कारात तो खरं तर ऐकू यायला नको होता. पण तीस वर्षं काचेत काढलेल्या माणसाचे कान बाकी सगळं गाळून तेवढंच आत घेतात. मी ज्योत बारीक केली आणि वळून पाहिलं. तपासायच्या फळीवर शुक्रवारच्या चार लांब नळ्या आडव्या ठेवल्या होत्या, रसायन विभागाने मागवलेल्या, वाफ थंड करायच्या. त्यांतली तिसरी उभी चिरली होती. खोलीत मी एकटी होते, खिडकी बंद होती, फळी हलली नव्हती. काच आपली आपण फुटते तेव्हा त्याला बहुतेक एकच कारण असतं, हे मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना शिकवते. ज्योतीतून निघालेली काच बाहेरून आधी थंड होते, आतून मागाहून. बाहेरचं आवळून घट्ट झालेलं असतं आणि आतल्याला अजून आवळायचं असतं. तो ताण तसाच राहतो. दिसत नाही. वस्तू सुंदर असते, वाजवली तर छान वाजते, आणि मग कधीतरी एखाद्या बारीक ओरखड्याने, जरा ऊन लागल्याने, ती दुभंगते. म्हणून काच निववावी लागते. भट्टीत घालून मऊ पडायच्या जरा अलीकडेपर्यंत तापवायची, तिथे धरून ठेवायची, आणि रात्रभरात इतकी सावकाश थंड करायची की आतलं आणि बाहेरचं बरोबरच शांत होईल. त्या नळ्या शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः भट्टीत घातल्या होत्या. आणि त्यांच्या वरच्या जाळीवर, रुमालाएवढ्या जागेत, काचेचे सात थेंबही घातले होते.

इलेक्ट्रिशियन जिन्याखालच्या त्याच्या खोलीत डबा उघडून बसला होता. मी दारातूनच विचारलं, भट्टीला काही झालं होतं का. "तुमच्या भट्टीला? शुक्रवारी उपाशीच झोपली की ती," तो म्हणाला. "फ्यूज उडाला होता. सोमवारी आल्या आल्या बदलला. वहीत लिहिलंय, मॅडम. आता वही कोणी उघडतच नाही, त्याला मी काय करू?" किती वाजता उडाला, मी विचारलं. "ते तिलाच विचारा. पाचला मी निघालो तेव्हा सगळं ठीक होतं." मी भट्टी लावली सहाला. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि डब्याचं झाकण खाली ठेवलं. "काही महत्त्वाचं होतं का आत?" चार नळ्या, मी म्हटलं. "मग पुन्हा घाला की. पळून थोडीच जातायत." मी हो म्हटलं आणि तिथेच उभी राहिले. घड्याळात पाऊण वाजत होता. तीन वाजता माझ्या मुलीच्या खिडकीत ऊन येतं.

हे मला ठाऊक होतं कारण तिने कळवलं होतं. चार वर्षांत आलेला तिचा तो एकच निरोप, मंगळवारी सकाळी, एका फोटोसकट. लाकडी कड्याला टांगलेले सात थेंब, मागे खिडकी, आणि खाली, फोटोच्या कडेला, पाळण्याची दांडी आणि एक मूठ. "तीनला ऊन येतं. भिंतीवर रंग पडतात. ती टक लावून बघते." मी तो निरोप इतक्या वेळा वाचला होता की त्यातल्या पूर्णविरामांच्या जागा मला पाठ होत्या. आता मी तोच निरोप पुन्हा उघडला आणि त्यातला प्रत्येक शब्द उलटा होऊन माझ्याकडे बघू लागला. ऊन. टक लावून. आणि फोटोत खाली ती मूठ. थेंब आतून पोकळ होते आणि त्यांची शेपटं भरीव. पातळ काच जाड काचेला जिथे मिळते तिथेच ताण सगळ्यात जास्त साठतो. ते वाऱ्याने हलावेत, एकमेकांवर वाजावेत, म्हणूनच मी ते इतके जवळ बांधले होते. दर वेळी वाजताना एक न दिसणारा ओरखडा. मी फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला. जावयाचा नंबर माझ्याकडे नव्हता, कधीच नव्हता. "थेंब लगेच काढ, पाळणा बाजूला घे," असं लिहून पाठवलं, आणि पाठवल्यावर ते वाक्य पडद्यावर बघून मला तिच्या कानांनी ऐकू आलं: हं, आली सूचना. निरोप पोचल्याची खूण उमटली नाही. मी पर्स घेतली, एक धुतलेलं सुती फडकं घेतलं, ज्योत बंद केल्याची तीनदा खात्री केली आणि निघाले.

बसला दीड तास लागतो. रविवारी मी याच बसने गेले होते, मांडीवर खोका घेऊन, आणि तेव्हा दारात काय म्हणायचं ते ठरवायला दीड तास पुरला नव्हता. खोका मी घरी केला होता, नळ्यांच्या पुठ्ठ्याचा. आत पुठ्ठ्याच्याच पट्ट्या उभ्या-आडव्या बसवून सात घरं केली होती, प्रत्येक घराला तिच्या लहानपणीच्या चादरीचं अस्तर. ती चादर धुवून धुवून सायीसारखी झाली होती. शिवण आतून घेतली, म्हणजे उघडताना दोरा नखात अडकायला नको. झाकणावर काही लिहिलं नाही. पूर्वी मी कुणालाही काही करून दिलं की बरोबर एक चिठ्ठी असायची: गरम पाण्याने धुऊ नये, उताणं ठेवू नये. "तुझ्या भेटीबरोबर नियमावली फुकट असते," असं ती शाळेत असल्यापासून म्हणायची. या वेळी चिठ्ठी नव्हती. माझी आई स्वेटर विणून द्यायची, आणि तिची द्यायची एक पद्धत होती. दोन्ही हातांनी द्यायचं, आणि देऊन निघायचं. समोर बसून राहायचं नाही. आवडलं नसेल तर त्या माणसाला आपल्यासाठी खोटं हसावं लागू नये, एवढी जागा त्याला द्यायची. आणि पुन्हा कधी त्या वस्तूची चौकशी करायची नाही, घालतेस का, कुठे ठेवलंस. दिलं म्हणजे आपलं राहिलं नाही. रविवारी मी तसंच केलं. तिने दार उघडलं, मी दोन्ही हात पुढे केले, म्हटलं, "बाळासाठी," आणि वळले. तिसऱ्या पायरीवर पाठीमागून ती म्हणाली, "आत नाही येत?" मी म्हटलं, "पुढच्या वेळी." माझी पाठ तिच्याकडे होती म्हणून बरं. आणि आज पाचव्या दिवशी मी तेच परत मागायला चालले होते.

बाळ झाल्याचं मला ताईकडून कळलं होतं. "आजी झालीस," ती फोनवर म्हणाली, "माझ्या तोंडून कळतंय हे वाईट, पण कळलं तर खरं. मुलगी आहे. पत्ता लिहून घे, आणि शहाणपणा घरी ठेवून जा." शहाणपणा म्हणजे काय ते आम्हा दोघींना माहीत होतं. चार वर्षांपूर्वी मुलीने लग्न ठरवल्याचं सांगितलं तेव्हा मी एका कागदावर मधोमध रेघ मारली होती आणि दोन्ही बाजूंना त्या मुलाबद्दल लिहिलं होतं, निष्पक्षपणे, आणि तो कागद तिला दिला होता. उजवी, दोषांची बाजू जास्त भरली होती. मला खरोखर वाटलं होतं की मी तिला मदत करतेय. तिने कागद पूर्ण वाचला, घडी घातली आणि शांतपणे म्हणाली, "आई, तू माणसंसुद्धा त्या दोन काचांमध्ये धरून बघतेस." नंतर ती गेली. बसच्या खिडकीतून दुकानं जात होती, एका दुकानाबाहेर आरसे उभे करून ठेवले होते आणि प्रत्येक आरशातून आमची बस तुकड्या-तुकड्याने गेली. एक वाजून पन्नास. सिग्नलला चालकाने इंजिन बंद केलं. मी मनातल्या मनात उन्हाचा हिशोब करत होते: खिडकी कुठल्या दिशेला, थेंब किती उंचीवर, काच किती अंशांनी तापेल. शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, बरं आहे. त्यांनी त्यांची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मी प्यायले. पाणी प्यायल्यावर लक्षात आलं की माझे दात वाजताहेत.

त्या दोन काचा म्हणजे ताण बघायचं यंत्र. एक दिवा, त्यापुढे दोन काळपट काचा, मध्ये वस्तू धरायची. निवलेली असेल तर सगळं एकसारखं अंधारं दिसतं. ताण असेल तर रंग पेटतात, निळे, पिवळे, जांभळे, जितका ताण तितके देखणे. भट्टीतून निघालेली प्रत्येक वस्तू त्यात धरायची हा नियम आहे, कारण थंड भट्टी काही सांगत नाही. काम संपलं की तिचा दिवा आपोआप विझतो आणि फ्यूज उडाला तरी विझतो. रात्रभर तापून निवलेली भट्टी आणि मुळात तापलीच नाही अशी भट्टी सकाळी हाताला सारख्याच लागतात. शनिवारी सुट्टी असून मी गेले, थेंब काढले, यंत्राजवळ नेले, दिव्याच्या बटणावर बोट ठेवलं. आणि बोट मागे घेतलं. विसरले नव्हते. घाईत नव्हते. एकवीस वर्षांत मी तो नियम एकदाही मोडला नव्हता आणि त्या सकाळी मुद्दाम मोडला, कारण मला तिला एक तरी वस्तू न तपासता द्यायची होती. नुसती द्यायची होती. रिकाम्या खोलीत मी थेंब एकेक करून चादरीच्या तुकड्यात ठेवले आणि मला हलकं वाटलं, आपण कुणी वेगळ्या झालो आहोत असं वाटलं. आयुष्यात प्रेमाने म्हणून केलेली ती एक गोष्ट आता एका पाळण्यावर टांगलेली होती.

एकवीस वर्षांपूर्वी ती नऊ वर्षांची होती. मी तिला काचेचा पक्षी करून दिला होता, जेवणाच्या सुट्टीत, ज्योतीवर, भट्टीबिट्टी काही न देता. खेळणं तर आहे. तो ती सहा महिने उशाशी घेऊन झोपली. मग एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून ती माझ्याबरोबर कामावर आली, पक्षी खिशात. मी नळी फिरवत होते आणि ती यंत्राशी खेळत होती, आणि ती म्हणाली, "आई, माझ्या पक्ष्याच्या आत रंग आहेत. बघ ना." तिचा चेहरा त्या रंगांनी उजळला होता. मी बघितलं. मान आणि धड जिथे जुळतं तिथे एक झगझगीत पट्टा होता. मी तिला समजावून सांगितलं की हे रंग म्हणजे दोष आहे, हा पक्षी फुटणार. ती म्हणाली, नाही फुटणार, सहा महिने नाही फुटला. ती हट्टाने म्हणाली, आणि मी शिकवायचं ठरवलं. पक्षी टेबलावर ठेवला, तिला चष्मा लावला, दोन पावलं मागे उभं केलं, आणि तापलेल्या सळईचं टोक त्याच्या मानेला लावलं. आवाज अगदी लहान झाला. "बघितलंस?" मी म्हटलं. ती म्हणाली, "बघितलं." रडली नाही. घरी जाताना तिने माझा हात धरला नाही, एवढंच. नंतर ती ही गोष्ट सगळ्यांना सांगायची, हसत, माझ्यासमोरसुद्धा, आणि शेवटी म्हणायची, पण आई बरोबर होती हं. ती वाक्य संपवायची आणि मी चहा ओतायची.

दार तिनेच उघडलं. ओठांवर बोट होतं, मला बघून ते तिथेच राहिलं. "आत्ताच झोपलीये," ती कुजबुजली. मग, "काय झालं? मावशी बरी आहे ना?" बरी आहे, मी म्हटलं, तुझा फोन लागत नव्हता. "ती झोपली की बंद ठेवते. ये ना. चपला हातात घे, लादीवर वाजतात." आतली खोली लहान होती, दोरीवर दुपटी वाळत होती, पंखा मंद चालू होता. आणि पंख्याच्या वाऱ्यात सातही थेंब हलत होते, एकमेकांना लागत होते, फार गोड वाजत होते. ऊन खिडकीच्या चौकटीवर आलं होतं. पहिल्या थेंबापासून दोन वीत. त्यांच्या बरोबर खाली बाळ तोंड किंचित उघडं ठेवून झोपलं होतं. मी त्याच्याकडे नीट बघितलंही नाही. दांडी धरून पाळणा भिंतीपर्यंत ओढत नेला, मग पंखा बंद केला, मग पडदा ओढला. "काय करतेयस?" ती म्हणाली. मी म्हटलं, "काढावे लागतील."

ती हसली, आवाज न करता. "रविवारपासून वाट बघतेय मी. ह्याला म्हटलंसुद्धा, अजून सूचना कशी आली नाही, आजारी आहे की काय." तिने हाताची घडी घातली. "ताण आहे का आत?" तो शब्द तिने नऊ वर्षांची असताना माझ्याकडूनच घेतला होता. असेल, मी म्हटलं, भट्टी बंद पडली होती. "मग तपासलं तेव्हा दिसलं नाही?" तपासलं नव्हतं, मी म्हटलं. तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "तू तपासलं नव्हतंस." "नाही." "का?" याचं उत्तर मी बसमध्ये दीड तास तयार केलं होतं आणि ते आता तिच्या चेहऱ्यापुढे, दुपट्यांच्या ओल्या वासात, निव्वळ मूर्खपणाचं वाटत होतं. तिच्या मुलीच्या डोक्यावर मी काय टांगलं होतं हे तिला कळत होतं, आणि मी तिला सांगणार होते की ते मायेने टांगलं होतं. "नुसतं द्यायचं होतं," मी म्हटलं. ती वळली आणि कात्री घेऊन आली.

ती स्टुलावर चढली. एक दोरा कापायची, थेंब चिमटीत धरून खाली द्यायची, मी तो फडक्यात घ्यायची आणि फडक्याचा एक पदर दोन थेंबांमध्ये घालायची. आमचे हात एकमेकींना लागत होते. दोन. तीन. चार वर्षांत आम्ही मिळून केलेलं हे पहिलंच काम. चौथ्या थेंबाला ती म्हणाली, "आणि आता हे कुठे फोडणार? माझ्यासमोर नको." फोडणार नाही, मी म्हटलं, भट्टीत घालणार. निवले की ताण जातो, मग काही होत नाही. "परत घालता येतात?" "येतात." ती पाचव्या दोऱ्यापाशी थांबली. मी तेव्हा गप्प बसू शकले असते. तिने अजून काही विचारलं नव्हतं, कदाचित विचारलंही नसतं. पण कात्री हवेत होती आणि मला दिसत होतं की ती मनात कुठे जाऊन पोचली आहे. "तो पक्षीसुद्धा घालता आला असता," मी म्हटलं. "भट्टी शेजारीच होती. चालू होती त्या दिवशी."

"तुला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

पाळण्यात बाळाने मोठा श्वास घेतला आणि सोडला. आम्ही दोघी थांबलो, ते पुन्हा झोपेपर्यंत. "मी एकवीस वर्षं सगळ्यांना सांगत आले," ती अगदी हळू म्हणाली, "की आई कडक आहे पण बरोबर असते. तेवढं तरी होतं माझ्याकडे." मग तिने उरलेले तीन दोरे पटापट कापले. स्टुलावरून उतरून रिकामं लाकडी कडं कपाटावर ठेवलं, औषधाच्या दुकानाचा एक कागद उलटा करून माझ्यापुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं. "लिहून दे." काय, मी विचारलं. "सात नेले. शनिवारी सात आणून देणार. खाली सही. तू सगळ्यांकडून लिहून घेतेस ना." ती चेष्टा करत होती की नाही हे मला तिच्या आवाजावरून कळलं नाही. मी लिहिलं. अक्षर माझं वाटत नव्हतं. तिने कागद वाचला, घडी घातली, तशीच घडी, आणि दार उघडलं. पडद्याच्या फटीतून ऊन आत आलं होतं आणि जिथे पाळणा होता तिथल्या लादीवर पडलं होतं. पांढरं. त्यात कसलेही रंग नव्हते.

परतीच्या बसमध्ये मी फडकं मांडीवर धरून बसले, दोन्ही हातांनी, खालून. गर्दी नव्हती. चालक वळणावर जपून वळत होता असं मला वाटलं, जणू त्याला सांगितलं होतं. तिने मला बाळाला उचलायला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्याचं नाक कसं आहे हे आता आठवून बघितलं तर मला फक्त पाळण्याची दांडी आठवत होती. नदीवरच्या पुलाच्या सांध्यावर बस जरा उडाली, आणि मांडीवर तो आवाज झाला. टिचकीएवढा. कुणीही ऐकला नाही. मी फडक्यावरून बोट फिरवलं. एका ठिकाणी गोलाई नव्हती, बारीक चुरा होता, आणि एक टोक कापडातून बोटाला लागलं. पहिल्यांदा मनात जे आलं ते मी लिहून ठेवते आहे, कारण ते आलं होतं: बघितलंस. मी बरोबर होते. आजच आले नसते तर. शनिवारी हा चुरा तिच्यासमोर उघडायचा, काही न बोलता, आणि ती स्वतःच म्हणेल, आई बरोबर होती. माझा सगळा जीव त्या एका वाक्याकडे धावला, इतका की मला स्वतःची भीती वाटली. मग दुसरं आलं. सातवा थेंब पुन्हा करायला मला वीस मिनिटं लागतात. तशीच नळी, तसंच शेपूट. भट्टीतून सात निघतील, कागदावर सात आहेत, तिला कधी कळणार नाही. खिडकीबाहेर पाणी संथ होतं. या दोन्ही गोष्टी मी यापूर्वी केल्या होत्या, आयुष्यभर एकीनंतर दुसरी.

बस पुलावरून उतरली. मी फडक्याची गाठ न सोडता चुरा एका कोपऱ्यात सारला, म्हणजे तो बाकीच्यांना ओरखडे काढणार नाही, आणि तो कोपरा मुठीत पिळून वेगळा धरला. सहा थेंब उजव्या तळहातावर होते, मुठीत सातवा. शनिवारी दारात काय म्हणायचं ते मी ओठ न हलवता म्हणून बघू लागले. सहाच आहेत. एक माझ्या हातून फुटला. केव्हा, असं ती विचारेल. पुन्हा म्हणून बघितलं. एक माझ्या हातून फुटला. माझा थांबा आला आणि गेला. मी उठले नाही, कारण उठायला एक हात सोडावा लागला असता.